आगीत सर्किट किती वेळ टिकायला हवे?

मोठ्या इमारतीला किंवा कारखान्याला आग लागली की राख थंड व्हायच्या आत 'शॉर्ट सर्किट' हे कारण जाहीर होते आणि केबलवरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, सगळीकडे आगरोधक केबल सक्तीची करा, खर्चाकडे पाहू नका. दुसरा म्हणतो, हा निव्वळ महाग माल खपवण्याचा मार्ग आहे. जोड घट्ट ठेवा, ब्रेकर योग्य निवडा, साधी केबल पुरते. दोघेही केबल ही एक सुटी वस्तू धरून भांडतात: कोणती चांगली, किती अंशांना टिकते, प्रमाणपत्र आहे की नाही. माझ्या मते निवडीचा पहिला प्रश्न केबलचा नाहीच. आग पेटल्यावर कोणते सर्किट चालू राहायला हवे आणि किती मिनिटे, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले की केबल, तिचा मार्ग, तिचे आधार आणि तिचे जोड हे सगळे एकत्रच निवडावे लागते. हा विचार न करता घेतलेली सर्वांत महाग केबलही आगीत पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निकामी होऊ शकते. तो करून टाकलेली साधी केबल, योग्य मार्गाने नेली तर, दोन तास काम देऊ शकते.

आगीच्या संदर्भात केबलकडून तीन वेगळ्या अपेक्षा असतात आणि एकीची पूर्तता झाली म्हणून दुसरीची होत नाही. पहिली, केबलने आग पुढे नेऊ नये. दुसरी, जळताना दाट धूर आणि आम्लवायू सोडू नयेत. तिसरी, ज्वाळेत असतानाही तिने वीज किंवा संदेश पोचवत राहावे. तिन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत. आयईसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग, याच्या ६०३३२-१ या मानकात एकट्या उभ्या केबलला ज्योत लावतात आणि ती किती उंचीपर्यंत करपते ते मोजतात. आयईसी ६०३३२-३ मध्ये साडेतीन मीटर लांबीच्या केबलींचा जुडगा उभ्या शिडीला बांधून खालून बर्नर लावतात. 'ए' गटात दर मीटरला ७ लिटर अधातू (जळू शकणारा, प्लास्टिकसारखा) भाग असतो, ज्योत ४० मिनिटे असते आणि करपलेला भाग बर्नरच्या वर अडीच मीटरच्या पुढे जाता कामा नये. या दोन्ही चाचण्यांत केबलमधून वीज वाहतच नसते. ती वाहते का, हे आयईसी ६०३३१ तपासते. म्हणजे 'ए' गटात उत्तम उतरलेली केबल आगीत काही मिनिटांत शॉर्ट होऊ शकते आणि तरीही तिचे प्रमाणपत्र खरेच राहते. पंपाला वीज नेणाऱ्या मुख्य केबलसाठी, म्हणजे फीडरसाठी, कुणी ६०३३२ चे प्रमाणपत्र पुढे केले, तर त्या कागदात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही, एवढेच त्यातून कळते. युरोपात २०१७ पासून बांधकामातील केबलींना 'बी२सीए', 'सीसीए' असे वर्ग सक्तीचे झाले, तेही पहिल्या दोन गुणांचे. तिसरा गुण त्या वर्गांत येत नाही.

हा तिसरा गुण येतो कुठून, हे केबल कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. आगीतही काम देणाऱ्या नेहमीच्या केबलच्या, म्हणजे फायर सर्व्हायव्हल केबलच्या, प्रत्येक तांब्याच्या वाहकावर आधी काचेच्या कापडावर चिकटवलेल्या अभ्रकाची पट्टी गुंडाळलेली असते, बहुधा दोन थरांत आणि कडा एकमेकींवर चढवून. तिच्यावर एक्सएलपीई या प्लास्टिकचे इन्सुलेशन, मग भराव, गरज असल्यास पोलादी तारांचे चिलखत आणि सगळ्यांवर हॅलोजनविरहित (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये नसलेले) बाह्य आवरण. आग लागली की बाह्य आवरण जळते. त्यातल्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमधून सुमारे २०० अंशांपासून पाणी सुटते आणि आग काही काळ रोखली जाते. मग एक्सएलपीईही जळून जाते. उरते ती केवळ अभ्रकाची पट्टी. तिच्यातला सिलिकोनचा चिकटा जळून त्याची सिलिका होते, पण पट्टी आता ठिसूळ झालेली असते. नेहमीच्या ४०० व्होल्टला तिथून पुढे त्या दोन नाजूक थरांचाच आधार असतो. म्हणूनच त्या अवस्थेत केबलला धक्का बसला, तिच्यावर पाणी पडले किंवा आधार निसटून ती लोंबकळली तर काय होईल, हा प्रश्न तापमानाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. वायरमनने केबल सोलताना सुरी खोल घातली, पट्टीची कड उचकटली किंवा ठरलेल्या त्रिज्येपेक्षा केबल जास्त वाकवली, तर तो दोष रोजच्या वापरात कधीच दिसत नाही. इन्सुलेशनची मेगर चाचणीही तो पकडत नाही, कारण तेव्हा एक्सएलपीई जागेवर असते. तो आगीतच उघडा पडतो.

आता साध्या केबलवाल्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा मान्य करतो. फायर सर्व्हायव्हल केबलने आग लागायची थांबत नाही. विजेच्या आगी बहुतेक वेळा सैल लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड), तो चुकीचा दाबून बसवणे म्हणजे चुकीचे क्रिम्पिंग, ओव्हरलोड, झिजलेले इन्सुलेशन किंवा अपुरे अर्थिंग यांतून सुरू होतात. सैल टर्मिनलवर अभ्रकाची केबल बसवली तरी ते टर्मिनल तितकेच तापते. १९८० साली लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमधली आग विजेच्या वायरिंगमधल्या दोषातूनच सुरू झाली आणि ८५ जण दगावले. टॉर्क रेंचने घट्ट केलेला लग, वर्षातून एकदा भर लोडवर केलेले थर्मल कॅमेऱ्याचे निरीक्षण आणि नीट निवडलेला ब्रेकर यांच्यावर खर्च केलेला पैसा आगी टाळतो. अभ्रकावर खर्च केलेला टाळत नाही. पण यातून साधी केबल पुरते, हा निष्कर्ष निघतो का? आग कागदाने, वेल्डिंगच्या ठिणगीने, स्वयंपाकघरातल्या तेलानेही लागते. ती लागल्यावर पंप, धूर ओढणारे पंखे, अग्निशमन दलाची लिफ्ट, सूचना देणारे ध्वनिक्षेपक आणि दाब वाढवून जिना धुरापासून मोकळा ठेवणारे ब्लोअर चालायचे असतात. लाखो लिटरची टाकी आणि दोन पंप असूनही फीडर पेटल्या मजल्यावरून जात असेल, तर ती सगळी यंत्रणा त्या फीडरच्या आयुष्याएवढीच. आग टाळणे आणि आगीत काम देणे या वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि पहिली चांगली पार पाडली म्हणून दुसरी माफ होत नाही.

मग सगळ्याच केबली फायर सर्व्हायव्हल का नकोत? जीव वाचवण्याच्या बाबतीत काटकसर नको, ही भावना प्रामाणिक आहे. पण सर्किटागणिक विचार करून पाहा. ज्या आपत्कालीन दिव्यात स्वतःची बॅटरी आहे, तो मुख्य वीज गेली की आपोआप पेटतो. त्याची केबल आगीत तुटणे हाच त्याला मिळालेला संकेत. त्याला अभ्रकाची केबल देऊन काहीही साधत नाही. तोच दिवा मध्यवर्ती बॅटरीवर चालत असेल, तर केबल तुटली की अंधार. तिथे फायर सर्व्हायव्हल केबल अपरिहार्य. कारखान्यात स्प्रिंगने बंद होणारा शटडाउन व्हॉल्व्ह वीज गेली की बंद होतो, म्हणजे केबल जळणे ही त्याची सुरक्षित दिशा. पण मोटरने फिरणारा व्हॉल्व्ह किंवा वीज दिल्यावरच सुटणारी पाण्याची डेल्यूज प्रणाली यांचे उलट असते. त्यांना पेटत्या भागातूनच वीज पोचवायची असते. फायर अलार्मचा लूप, म्हणजे निघून परत येणारे केबलचे वर्तुळ, दोन्ही बाजूंनी पोसलेला आणि बिघडलेला तुकडा वेगळा काढणारे आयसोलेटर असलेला असेल तर तो एक तुकडा गमावू शकतो, पण परतीची केबल त्याच ट्रेमधून (केबल ठेवण्याच्या धातूच्या तबकातून) आणली असेल तर लूप करण्याला अर्थ राहत नाही. ही यादी करायला एका अभियंत्याचे काही दिवस लागतात. ती केली नाही तर पैसा प्लग पॉइंटांच्या वायरिंगवर खर्च होतो आणि ध्वनिक्षेपकाच्या केबलीला प्लास्टिकचा टाय उरतो.

'केबल तुटली तर यंत्रणा सुरक्षित बाजूला जाते' या युक्तिवादाला एक मर्यादा आहे आणि ती अणुऊर्जा उद्योगाने मोठी किंमत देऊन शिकली. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात केबली भिंतीतून जातात तिथल्या पॉलियुरेथेन फोमच्या सीलमधून हवा गळते का, हे एक कामगार मेणबत्ती धरून पाहत होता. फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली, सोळाशेहून अधिक केबली खराब झाल्या आणि एका अणुभट्टीची आपत्कालीन शीतकरण यंत्रणा हातची गेली. त्यात सगळ्यांत बोलके होते ते नियंत्रण कक्षातले दृश्य: दिवे आपोआप लागत-विझत होते, काही यंत्रे कुणी सुरू न करता सुरू झाली. इन्सुलेशन गेल्यावर केबल फक्त तुटत नाही. तिचे वाहक शेजारच्या जिवंत वाहकाला टेकतात आणि भलत्याच कॉइलला वीज मिळते. स्प्रिंगने बंद होणाऱ्या व्हॉल्व्हलाही असा चुकीचा पुरवठा उघडा ठेवू शकतो. १९८० साली अमेरिकेने त्यावर जे नियम केले, त्यांत 'चांगली केबल वापरा' एवढाच आदेश नव्हता. सुरक्षित बंद करण्याच्या दोन पर्यायी यंत्रणांच्या केबलींमध्ये तीन तास टिकणारी भिंत हवी. किंवा २० फुटांचे अंतर, मध्ये काहीही ज्वलनशील नको, शिवाय आग शोधणारी आणि विझवणारी स्वयंचलित यंत्रणा हवी. किंवा आग शोधणाऱ्या आणि विझवणाऱ्या तशाच यंत्रणेसह, त्या दोन पर्यायांपैकी एकाच्या केबलींभोवती एक तासाचे आच्छादन हवे. त्या उद्योगाने सर्वाधिक भर मार्ग वेगळे ठेवण्यावर दिला. मुख्य आणि राखीव फीडर एकाच शाफ्टमधून नेणाऱ्या इमारतींची अवस्था काही वेगळी नाही.

धुराच्या बाबतीत मात्र 'सगळीकडे' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी बराच पुढे जाईन. कमी धुराच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पीव्हीसी केबलींच्या अनेक विनिर्देशांत वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्लवायू चालतो. हॅलोजनविरहित आवरणाला आयईसी ६०७५४ खाली नेहमीची मर्यादा अर्ध्या टक्क्याची. फरक चाळीसपट. धूर आयईसी ६१०३४ प्रमाणे ३ मीटरच्या घनाकार खोलीत मोजतात आणि प्रकाश किमान ६० टक्के पार व्हावा अशी सर्वसाधारण अट असते. जिने, कॉरिडॉर, भुयारे, रुग्णालये, सभागृहे, म्हणजे जिथून माणसे धुरातून वाट काढत बाहेर पडणार, तिथे प्रत्येक केबल हॅलोजनविरहित असावी. मग तिला आगीत जिवंत राहायचे असो वा नसो. यंत्रांनाही या वायूने धोका असतो. १९८८ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हिन्सडेल टेलिफोन केंद्राच्या आगीत उपकरणे ज्वाळांपेक्षा गंजकारक धुराने जास्त निकामी झाली आणि हजारो ग्राहकांची सेवा आठवडेच्या आठवडे विस्कळीत राहिली. याला तोटे नाहीत असे नाही. हॅलोजनविरहित आवरणात खनिज भुकटी भरपूर असते, त्यामुळे ते पीव्हीसीपेक्षा जास्त पाणी शोषते, ओढताना लवकर चिरते आणि तेलकट जागी बिघडू शकते. कायम ओल असलेल्या जमिनीखालच्या चरात, जिथे धूर कुणाला लागणारच नाही, तिथे त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

प्रमाणपत्रातले आकडे वाचतानाही घाई होते. '९५० अंश, ३ तास' असे कागदावर दिसले की चर्चा संपते. बीएस ६३८७ या ब्रिटिश मानकातली 'सी' चाचणी ९५० अंशांना ३ तासांची. 'डब्ल्यू' मध्ये ६५० अंशांना १५ मिनिटे ज्योत आणि पुढची १५ मिनिटे ज्योतीसोबत पाण्याचा फवारा. 'झेड' मध्ये ९५० अंशांना १५ मिनिटे, दर ३० सेकंदांनी धक्का. 'सीडब्ल्यूझेड' ही तीन अक्षरे एकत्र छापलेली दिसतात, पण चाचण्या तीन वेगळ्या नमुन्यांवर होतात. तीन तास भाजलेल्या केबलवर पाणी कुणी मारलेले नसते. खऱ्या आगीत मात्र तीच केबल तापते, तिच्यावर छताचा तुकडा पडतो आणि मग होजचा झोत येतो. २० मिलिमीटरहून जाड केबलींसाठीच्या बीएस ८४९१ मध्ये ज्योत, धक्का आणि पाण्याचा झोत एकाच नमुन्यावर देतात आणि ३०, ६० किंवा १२० मिनिटांचा दर्जा देतात. पंपाच्या मोठ्या फीडरसाठी तीच चाचणी मागावी. आयईसी ६०३३१-२१ मध्ये तापमान ७५० अंश आणि धक्का नाहीच. ६०३३१-१ आणि ६०३३१-२ मध्ये किमान ८३० अंश आणि धक्का आहे. दोन्ही कागदांवर '६०३३१' असेच छापलेले असते, पुढचा आकडा पाहिल्याशिवाय काही कळत नाही. शिवाय कोणत्या आकाराचा नमुना तपासला? अडीच चौरस मिलिमीटरच्या चार वाहकांच्या केबलचे प्रमाणपत्र ३०० चौरस मिलिमीटरच्या एकेरी केबलबद्दल काही सांगत नाही. वजन, वाहकाचा व्यास, पट्टीचा ताण, सगळेच वेगळे.

आणि या सर्व चाचण्यांत केबल प्रयोगशाळेच्या पक्क्या चौकटीवर असते. तुमच्या छताला ती कशावर असणार? इथे जर्मनीची डीआयएन ४१०२-१२ ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यात केबल, ट्रे, क्लिप, हँगर असे सगळे मिळून भट्टीत घालतात आणि भट्टी प्रमाण तापमान-वक्रावर चालवतात: ३० मिनिटांना ८४२ अंश, ६० ला ९४५, ९० ला १००६. दर्जा मिळतो तो या संचाला, ई३०, ई६० किंवा ई९० असा. प्रमाणित आधारांची मापेही ठरलेली आहेत: ट्रे किंवा लॅडरचे आधार १.२ मीटरवर, भार ट्रेला दर मीटरला १० किलो, लॅडरला २० किलो. हा आकडा किती तोकडा आहे ते पाहा. २४० चौरस मिलिमीटरच्या चार वाहकांच्या केबलमध्ये नुसत्या तांब्याचेच वजन दर मीटरला साडेआठ किलोच्या पुढे जाते. म्हणजे अशा एकाच केबलीने ट्रेची मर्यादा जवळपास भरते. त्यावर कुणी डेटा केबलींचा भारा टाकला की दर्जा उरत नाही. पोलाद ५५० अंशांच्या आसपास आपली सुमारे ४० टक्के ताकद गमावते आणि ८०० अंशांनी तापले तर दर मीटरला जवळपास एक सेंटिमीटर लांबते. भिंतीला दोन्ही टोकांनी घट्ट बांधलेला ट्रे वाकणारच. ॲल्युमिनियमचा ट्रे ६६० अंशांना वितळतो, नायलॉनचा टाय त्याच्या कितीतरी आधी, आणि काँक्रीटमधला प्लास्टिकचा प्लग आतून मऊ होऊन स्क्रूसकट बाहेर येतो.

या गोष्टी बारीकसारीक वाटतात, पण त्यांनी माणसे गेली आहेत. ब्रिटनमध्ये २००५ साली स्टीव्हनेजच्या हॅरो कोर्ट आणि २०१० साली साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स या उंच इमारतींच्या आगींत प्लास्टिकचे ट्रंकिंग (केबली झाकणारी पन्हळ) वितळून केबली खाली लोंबल्या आणि अग्निशमन जवान त्यांत अडकले. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी दोन जवान मृत्यू पावले. त्यानंतर ब्रिटिश वायरिंग नियम बीएस ७६७१ मध्ये २०१५ साली सुटकेच्या मार्गांवर आणि २०१८ पासून सर्वत्र, केबल आगीत अकाली खाली पडणार नाही असे आधार सक्तीचे झाले. सर्वत्र म्हणजे साध्या केबलींनाही. अमेरिकेत २०१२ साली यूएल या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन तासांच्या आगरोधक केबल प्रणालींची प्रमाणपत्रे देणे थांबवले, कारण आधी मान्य झालेल्या प्रणाली पुन्हा तपासल्यावर सातत्याने टिकेनात. त्या काळात पुढे आलेला एक मुद्दा केबल ज्यातून नेतात त्या पाइपच्या आतल्या जस्ताच्या लेपाचा होता: तांबे १०८५ अंशांना वितळते, पण त्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि ते त्याच्या बरेच आधी वितळते. प्रमाणपत्रे पुन्हा सुरू झाली तेव्हा पाइप कोणता, जोड कोणते, आधार किती अंतरावर हे सगळे त्यांचा भाग बनले. प्रमाणपत्र असलेली केबल हवी तशी बसवली तरी चालते, असे म्हणणाऱ्यांना हा अनुभव पुरेसा नाही का?

टिकलेली केबलसुद्धा काम करेल याची खात्री नसते, आणि या मुद्द्यावर चर्चाच होत नाही. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो; ८४२ अंशांना तो नेहमीच्या चौपटीहून जास्त होतो, हजार अंशांना पाचपटीच्या घरात जातो. समजा फीडर १०० मीटरचा आहे आणि त्यातले ४० मीटर पेटल्या भागातून जातात. तापलेल्या भागाचा रोध ४.२ पट धरला तर पूर्ण केबलचा रोध ०.६ अधिक १.६८, म्हणजे सुमारे २.२८ पट होतो. मोटर सुरू होताना नेहमी ८ टक्के व्होल्टेज पडत असेल तर ढोबळमानाने आता ते १८ टक्के पडेल. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो दोन-तृतीयांशावर येतो. मोटर हळू सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सुरुवातीला त्याचाही तिसरा हिस्सा. मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल ओढून घेण्याची हमी ८५ टक्के व्होल्टेजपर्यंत असते. इथे ८२ टक्केच पोचते. केबल शाबूत आहे, प्रमाणपत्र खरे आहे, पण पंप सुरू होत नाही. पंप आगीच्या आरंभी, केबल थंड असतानाच सुरू होतो, असे यावर उत्तर मिळते आणि ते बहुतेक वेळा बरोबर असते. पण पहिला पंप बंद पडून दुसरा घ्यायचा झाला तर? जनरेटरवर बदल होताना सगळी यंत्रे थांबून पुन्हा सुरू व्हायची असतील तर? म्हणून अशा फीडरचा आकार तापलेल्या लांबीचा हिशेब करूनच ठरवावा, बहुधा एक-दोन पायऱ्या मोठा. त्याच हिशेबात बिघाडाच्या वेळी वाहणारा प्रवाहही कमी झालेला दिसेल, तेव्हा ब्रेकर वेळेत पडतो का तेही पाहावे. ॲल्युमिनियमच्या वाहकाचा प्रश्नच येत नाही. आगीच्या पहिल्या अर्ध्या तासात तो वितळून गेलेला असेल.

या चर्चेतला विरोधकांचा सर्वांत चांगला मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो फारसा कुणी मांडत नाही: चांगल्या मार्गाने नेलेल्या साध्या केबलला अभ्रकाची गरज नसते. दोन तास टिकणाऱ्या भिंतींच्या स्वतंत्र शाफ्टमधून, किंवा किमान ५० मिलिमीटर काँक्रीटखाली पुरलेल्या पाइपमधून फीडर नेला, तर त्याला ज्वाळ लागतच नाही. नव्या इमारतीत, आराखडा हातात असताना, हा मार्ग कित्येकदा जास्त भरवशाचा असतो आणि मी तोच आधी सुचवेन. अडचण शेवटच्या काही मीटरची आहे. शाफ्टमधून बाहेर पडून पॅनेलपर्यंत, पॅनेलपासून पंख्यापर्यंतची केबल उघडीच असते. धूर ओढणारा पंखा ४०० अंशांत २ तास चालेल असा घेतला आणि त्याच्या आयसोलेटरपासून (वीज तोडण्याच्या स्विचपासून) मोटरपर्यंतचा एक मीटरचा तुकडा साध्या लवचीक केबलचा ठेवला, तर पंख्याचा दर्जा त्या एका मीटरवर येऊन थांबतो. जंक्शन बॉक्सही तसाच. पोलादी बॉक्समध्ये प्लास्टिकचे टर्मिनल असेल तर बॉक्स उभा राहतो आणि आतला जोड वाहून जातो. तिथे चिनी मातीचे किंवा स्टिएटाइट या उष्णतारोधक सिरॅमिकचे टर्मिनल हवे, आणि शक्य असेल तर जोडच नको. शाफ्टलाही दोन अटी. बंद शाफ्टमध्ये उष्णता साठते, तेव्हा केबलची वहनक्षमता कमी धरावी. आणि त्यात इतर कुणाच्याही केबली, कचरा किंवा गॅसचा पाइप नको.

तेल-वायूच्या प्रकल्पांत हे सारे आकडे अपुरे पडतात. इंधनाच्या आगीच्या चाचणीत तापमान पाच मिनिटांत १०९० अंशांपर्यंत जाते आणि तांब्याचा वितळबिंदू तिथेच ओलांडला जातो. अभ्रक टिकले तरी आत वाहणारे काही उरत नाही. अशा ठिकाणी '९५० अंश' लिहिलेल्या केबलवर भिस्त ठेवणे ही गंभीर चूक आहे. तिथे पहिला उपाय मार्गाचा: केबल आगीच्या संभाव्य क्षेत्राबाहेरून किंवा जमिनीखालून न्यायची. ते जमणारच नसेल तर इंधनाच्या आगीच्या वक्रावर तपासलेले आच्छादन लावायचे आणि त्याने पंधरा मिनिटे टिकायला हवे की तीस, हे शटडाउनला खरोखर किती वेळ लागतो ते मोजून ठरवायचे. मॅग्नेशियम ऑक्साइड भरलेली, तांब्याच्या नळीची खनिज केबल इमारतींच्या आगीत अतिशय भरवशाची आहे, कारण तिच्यात जळण्यासारखे काही नाही. पण तिचेही वाहक तांब्याचेच. तिचे टोक उघडे राहिले तर ती भुकटी हवेतली ओल शोषते आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स घसरतो. म्हणून कापल्यावर लगेच टोक सील करायचे, सील करण्याआधी आणि एक दिवसानंतर पुन्हा मेगरने मोजायचे. ही कला येणारे हात नसतील तर ती केबल घेऊ नये.

निविदेत आज बहुधा एकच ओळ असते, 'केबल आगरोधक असावी'. तिच्या जागी प्रत्येक महत्त्वाच्या सर्किटासाठी एक तक्ता असावा: सर्किटाचे काम, आगीत हवी असलेली मिनिटे, मार्गातले कोणते मीटर कोणत्या आगीच्या क्षेत्रात, चाचणीचे पूर्ण नाव, भाग आणि वर्षासह, तपासलेल्या नमुन्याचा आकार, आधाराचा प्रकार, अंतर आणि भार, जोडांच्या जागा, भिंत ओलांडताना वापरायचे सील, तापलेल्या अवस्थेतला व्होल्टेजचा हिशेब. मिनिटे ठरवताना माणसे बाहेर पडण्याचा वेळ पुरेसा नाही. रुग्णालयात रुग्णांना एका भागातून दुसऱ्या भागात सरकवत नेतात, उंच इमारत टप्प्याटप्प्याने रिकामी होते आणि जवान आत असेपर्यंत पंप व लिफ्ट चालूच हव्यात. जागेवर तपासणारा इतर काही न करता तीन गोष्टी पाहू शकतो: ड्रमवरून आलेल्या केबलवरची छपाई तक्त्याशी जुळते का, एक फूट तुकडा कापल्यावर अभ्रकाच्या पट्टीचे थर मोजता येतात का, आणि छताखालच्या क्लिपा, टाय व अँकर यांना चुंबक चिकटते का. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम तिथेच सापडते. स्टेनलेस स्टीलच्या अनेक प्रकारांना चुंबक लागत नाही, एवढे लक्षात ठेवावे. हस्तांतरणानंतर हाच तक्ता इमारतीच्या देखभाल विभागाकडे राहायला हवा, कारण दोन वर्षांनी नवी डेटा केबल ओढताना सीलला भोक पाडणारा आणि त्याच ट्रेवर नवा भारा टाकणारा कंत्राटदार वेगळाच असतो आणि त्याला ही मर्यादा सांगणारे दुसरे काही तिथे नसते.